पश्चिमेची भिंत डबल बांधून मधे गॅप ठेवला तर घर खरंच थंड राहतं का? (सांगली)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. विश्रामबागच्या पुढं, पूररेषेच्या बाहेर, घराचं काम काढलंय. कॉलम उभे राहिले, पुढच्या महिन्यात वीटकाम. एक बेडरूम पश्चिमेला आली आहे. वास्तू, रस्ता आणि आईची इच्छा यांच्या भांडणात दुसरा इलाज राहिला नाही. शेजाऱ्यांची नऊ इंची भिंत मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा हाताला गरम लागते, म्हणून धास्ती बसली आहे.

आमचे साडू म्हणतात, साडेचार इंची दोन भिंती घाला, मधे चार इंच हवा ठेवा. हवेइतकं भारी इन्सुलेशन नाही, आणि फुकट आहे. ठेकेदार म्हणतो, "साहेब, ओळंबा दोनदा, मजुरी दोनदा, आणि आत उंदरांची सोय." दोघंही तावातावानं बोलतात, आकडा कुणीच देत नाही. गॅप किती ठेवावा, खरंच फरक पडतो का, आणि याच पैशात दुसरं काही बरं होईल का? इथं कुणी असं बांधलंय का?

भडंग आणि चहा
हवा जितकी जास्त तितकं थंड असं असेल तर राव, तुमची आख्खी बेडरूम हवेनंच भरलीय की. ती का तापते मग?

(वाचतोय. आमचंही पुढच्या वर्षी काढायचंय.)

ओळंबा
भडंगरावांनी चेष्टेत मुद्द्यालाच हात घातला.

थांबलेल्या हवेतून उष्णता फार कमी जाते, इथवर साडू बरोबर आहेत. हवेची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, भाजक्या विटेची ०.७ ते ०.८. म्हणजे हवा तीसपट चांगली. मग माणूस त्रैराशिक मांडतो: चार इंच हवा म्हणजे दहा फूट जाडीची वीट! तसं असतं तर सांगलीत एसीची दुकानं बंद पडली असती.

गोम अशी की भिंतीतली हवा थांबून राहत नाही. बाहेरची भिंत तापली की तिला टेकलेली हवा वर चढते, आतल्या भिंतीकडं जाऊन ऊब सोडते, खाली येते आणि पुन्हा तापायला जाते. गॅप अर्ध्या इंचाचा असेल तर दोन्ही बाजूंच्या घर्षणामुळं तिला नीट फिरता येत नाही. गॅप वाढवला की जाडीमुळं जे मिळवलं ते या फिरण्यात जातं.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तापलेली वीट समोरच्या विटेकडं किरणांनी उष्णता फेकते. त्यासाठी हवा लागत नाही आणि मधलं अंतर दोन इंच की दहा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. साध्या विटा-सिमेंटच्या पोकळीत निम्म्याहून बरीच जास्त उष्णता अशीच पार होते.

आता आकडे. बंद, उभ्या पोकळीचा उष्णतारोध (एकक चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट) १० मिमीला साधारण ०.१५, २५ मिमीला ०.१८. पुढं ५० करा, १०० करा, ३०० करा, ०.१८ च. इंचाच्या पुढं हवेची जाडी वाढवून काहीही हाती लागत नाही. आणि हे ०.१८ म्हणजे किती, तर साडेपाच इंच वीटकामाइतकं. दहा फूट कुठं आणि साडेपाच इंच कुठं.

दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या नऊ इंची भिंतीचा यू साधारण २.१ येतो. यू म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट पार होतात तो आकडा, कमी तितका चांगला. साडेचार + गॅप + साडेचार केलं की तो १.५ च्या आसपास येतो. पंचवीस ते तीस टक्के घट. फरक आहे, पण ज्या उत्साहानं साडू बोलतायत तेवढा नाही.

कृष्णाकाठ
ओळंबाकाका, धन्यवाद. साडूंना वाचायला दिलं, ते सध्या गप्प आहेत.
म्हणजे दोन इंच पुरे? आणि मग पोकळ काँक्रीट ब्लॉक का नकोत? त्यांत पोकळी आयतीच आहे, मजुरीही एकदाच.

ओळंबा
दोन इंच ठेवायचा तो हवेसाठी नव्हे, गवंड्यासाठी. इंचभर गॅपमध्ये पडलेला माल (सिमेंट-वाळूचा) काढता येत नाही.

पोकळ काँक्रीट ब्लॉकबद्दल मात्र फार गैरसमज आहे. आठ इंची पोकळ ब्लॉकचा स्वतःचा रोध ०.१९-०.२० च्या घरात. नऊ इंची विटेचा ०.२९. म्हणजे पोकळ असूनही तो साध्या विटेपेक्षा कमी पडतो. कारण पोकळ्यांच्या मधल्या काँक्रीटच्या भिंती आतबाहेर थेट जोडलेल्या असतात, उष्णता त्या वाटेनं जाते. स्वस्त पडतात, काम झरझर होतं म्हणून घ्या. थंड राहील म्हणून घेऊ नका.

थापी
मी कराडकडं बांधकामं घेतो. डबल भिंतीची थोडी कामं केलीत म्हणून लिहितो.

कागदावर गॅप असतो, साइटवर नसतो. वीट बसवली, थापीनं दाबली की माल दोन्ही अंगाला फुगतो. बाहेरचा खरडून घेता येतो, गॅपमधला आत पडतो. पोरं नवी असली तर खिडकीच्या उंचीला जाईस्तोवर तळात वीतभर मालाचा ढीग साचतो आणि दोन्ही भिंती खालनं एक होतात. मग ऊनही त्यातनं जातंय आणि पावसाचं पाणीही.

उपाय जुना आहे. गॅपपेक्षा दोन सूत अरुंद फळी घ्यायची, दोन टोकांना सुतळी बांधायची, गॅपमधे टाकून ठेवायची. सगळा माल तिच्यावर पडतो. दीडेक फूट भिंत चढली की सुतळीनं वर ओढायची, झाडायची, त्या थरावर टाय (दोन्ही भिंती जोडणारे धातूचे तुकडे) ठेवायचे आणि फळी पुन्हा वर बसवायची. तळातल्या थरात अधेमधे वीट सुटी ठेवायची, शेवटी तिथनं हात घालून साफ करायचं आणि मग ती बसवायची. हे गवंड्याला आधी सांगावं लागतंय आणि रोज संध्याकाळी बॅटरी मारून बघावं लागतंय. मालक बघणार नसंल तर डबल भिंतीच्या नादाला लागू नये.

टाय गंज न धरणारे घ्या. आडवे तीन फुटांवर, उभे दीड फुटावर, एकाआड एक सरकवून. टायचा उतार बाहेरच्या भिंतीकडं. उलटा ठेवला की पाणी त्याच्यावरनं घरात.

आणि एक. बीम नऊ इंची, भिंत अकरा इंची. ते दोन इंच आत घेणार की बाहेर, हे आत्ताच ठरवा. बाहेरची भिंत बीमवरनं लोंबकळत ठेवून नंतर प्लास्टरला चीर गेली म्हणून आम्हाला फोन करता.

शाहूनगरी
साताऱ्यात आर्किटेक्ट आहे. थापीदादांच्या फळीला शंभर मार्क, आमच्या ड्रॉइंगमध्ये ती कधीच दिसत नाही.

दोन इंचांचा घोळ टाळायचा तर रॅट ट्रॅप पद्धत बघा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ती चिकाटीनं रुजवली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या: दोन उभ्या विटा समोरासमोर, मधे तीन इंचांची पोकळी, मग एक वीट आडवी आरपार, पुन्हा दोन उभ्या. भिंत नऊ इंचीच राहते, त्यामुळं बीमशी भांडण नाही. विटा आणि माल मिळून पाव हिस्सा वाचतो. आरपार विटांतून उष्णता थोडी जाते, तरी भरीव नऊ इंचीपेक्षा ती बरी. कोपऱ्यातल्या पोकळीत उभी सळई घालून काँक्रीट भरता येतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरच्यांनी पाहिलाय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

अडचण विटेची. वीट एका मापाची, सरळ कडेची लागते. आपल्याकडच्या भट्टीचा माल बघता ट्रकमधल्या कितीतरी विटा बाजूला काढाव्या लागतील.

मेढेकर
सगळे उन्हावरच बोलताय. आमच्याकडं जावळीत ही भिंत पावसासाठी हवी.

पश्चिमेची झड लागली की नऊ इंची भिंत आठवड्यात आतपर्यंत ओली होते, आतला रंग पापडासारखा सुटतो. दोन भिंतींत गॅप असला की पाणी बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगानं खाली उतरतं आणि तळातल्या भोकांतून बाहेर जातं. इंग्लंडात कॅव्हिटी वॉल रुजली ती याचसाठी, उष्णतेचा विचार नंतर आला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तिकडं जुन्या घरांना पावसाळ्याआधी बाहेरून गवताच्या झड्या बांधत. झडी भिंतीला चिकटत नाही, मधे वीतभर जागा राहते. तोही गॅपच.

सांगलीत एवढा पाऊस नाही, पण पाणी निघायची भोकं विसरू नका. आणि खिडकीच्या बाजूला गॅप बंद करताना मधे ओल अडवणारा पट्टा घाला, नाहीतर सगळी मेहनत त्या चार इंचांत वाया.

गावभाग
धागाकर्ते पूररेषेबाहेर आहेत हे वाचून बरं वाटलं. जे आत आहेत त्यांच्यासाठी लिहितो.

२०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत एका घराला डबल भिंत होती. पाणी ओसरलं. बाकीच्यांनी भिंती धुतल्या, पंखे लावले, दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी कोरड्या झाल्या. त्या घराच्या भिंतीत मात्र कृष्णेचा गाळ भरून राहिला. तो धुणार कसा? आतल्या बाजूच्या विटा काढून, खरवडून बाहेर काढला. वास पुढचा उन्हाळा येईपर्यंत. पुराच्या पट्ट्यात भरीव भिंत बरी, निदान खालच्या मजल्याला.

माणदेशी
दहिवडीकडचा आहे. आजोबांचं घर मातीचं, भिंत हातभर रुंद, वर माळवद. मे महिन्यात दुपारी बाहेर चाळीस, आत गारवा. गॅप नाही, थर्माकोल नाही. आता भावानं सहा इंची ब्लॉकचं बांधलं आणि दोन कूलर घेतले. मला वाटतं जाडीच खरी. हे यू वगैरे आकडे मातीच्या घराला लावले तर काय येतील?

ओळंबा
माणदेशी, यू काढला तर मातीची हातभर भिंत काही फार भारी येत नाही. तिची करामत वेगळी आहे. ती उष्णता अडवत नाही, साठवते. नऊ इंची भिंत दुपारचं ऊन सहा-सात तासांनी आत सोडते. म्हणूनच कृष्णाकाठच्या शेजाऱ्यांची भिंत अकराला गरम. हातभर मातीच्या भिंतीला बारा तास आणि वर लागतात, तोवर बाहेर पहाट झालेली असते आणि लाट निम्म्याहून जास्त दबलेली असते. माण-खटावात, जत-आटपाडीकडं रात्री हवा चांगली उतरते, माणसं अंगणात झोपतात, दारं-खिडक्या उघड्या. त्या गारव्यानं भिंत रात्रीत रिकामी होते. रात्री सगळं बंद करून बसलात तर तीच भिंत तुम्हाला भाजून काढील.

तेव्हा जाडी खरी हे पटतं, पण रात्रीच्या वाऱ्यासकट. आजच्या प्लॉटवर दीड फूट भिंतीला जागा कोण देणार, हा पुढचा प्रश्न.

माणदेशी
जागा नाही हे खरं. पण "काही फार भारी येत नाही" हे काही पटलं नाही बघा. आजोबांनी कूलर बघितला नव्हता.

बेदाणा
तासगावला कोल्ड स्टोरेजवर देखभालीला आहे. आमच्याकडं हवाच वापरतात, पण डांबून. पफ पॅनल (कोल्ड स्टोरेजच्या भिंतीला लावतात तो) कापलेला बघा: फेस दिसतो, टाचणीच्या टोकाएवढे बंद कप्पे, प्रत्येकात वायू अडकलेला. त्याला फिरायला जागाच नाही, आणि समोरासमोरच्या तापलेल्या भिंतीही नाहीत. दोन इंच पफचा रोध दोनच्या वर जातो. काकांच्या पोकळीचा ०.१८. जाडी तीच, दहापटीहून जास्त फरक. पॅनलच्या जोडात फट राहिली की आतून बर्फ धरतो, त्यावरूनच कळतं गळती कुठं आहे.

घराला पफ महाग पडेल. पण गॅप ठेवणारच असाल तर त्यात थर्माकोल का नाही भरत?

ओळंबा
भरता येतो, आणि हिशेबानं तो चोख आहे. दोन इंच थर्माकोलचा रोध १.४ च्या आसपास, भिंतीचा यू ०.५ वर येतो. फक्त तो आतल्या भिंतीला चिकटवा आणि बाहेरच्या बाजूला इंचभर मोकळं ठेवा, म्हणजे मेढेकर म्हणतात ते पाणी उतरायला वाट राहील. गॅप तीन इंचांचा होईल. मुंग्या साध्या थर्माकोलमध्ये घरं करतात, एक्सपीएस शीट (थर्माकोलचाच घट्ट प्रकार) जास्त टिकाऊ.

एएसी ब्लॉक हे त्याच जातीचं प्रकरण. काँक्रीटमध्येच बारीक बुडबुडे. आठ इंची भिंतीचा यू ०.७ ते ०.८, बीममध्ये बसते, एकाच वेळी बांधून होते. रिकाम्या गॅपच्या भिंतीच्या निम्मा.

शाहूनगरी
गॅपमध्ये चकचकीत फॉइल लावायचा पर्याय राहिला. काका म्हणाले ती किरणांची वाट अॅल्युमिनियम फॉइल जवळपास बंद करते. एका बाजूला लावलं तरी पोकळीचा रोध ०.१८ वरून ०.६ च्या आसपास जातो. अट एकच: चकचकीत बाजूपुढं हवा हवी. फॉइल दोन थरांत दाबून बसवलं तर ते नुसता धातूचा पत्रा. आमच्या एका क्लायंटकडं मजुरांनी ते प्लास्टरखाली चिकटवून टाकलं होतं.

भडंग आणि चहा
साडूंचं काय झालं ते कुणी सांगेल का?

ओळंबा
साडूंना राहू द्या, मला त्या खोलीच्या छताबद्दल विचारायचंय. छत उघडं आहे की वर मजला आहे? कारण इतका वेळ आपण भिंतीवर वाद घालतोय आणि मोठा चोर वर बसलाय.

सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडंच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ नाही, पश्चिमेला दुपारनंतर, आणि स्लॅबला सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

ढोबळ हिशेब करू, भिंतीनं-स्लॅबनं साठवून ठेवण्याचा भाग सोडून. बारा बाय दहाची भिंत, अकरा चौरस मीटर. उन्हासकट बाहेरची बाजू आतल्यापेक्षा २५ अंश जास्त धरली तर नऊ इंची भिंतीतून पावणेसहाशे वॅट, गॅपच्या भिंतीतून चारशेच्या वर थोडे. वाचले दीडशे-पावणेदोनशे. आता बारा बाय बाराची पाच इंची उघडी स्लॅब: यू तीनच्या वर, फरक ३५ अंश. दीड हजार वॅट! भिंतीवर जेवढं वाचवलं त्याच्या कितीतरी पट वरून येतंय.

केंद्राच्या इको निवास संहितेत, २०१८ च्या, छताचा यू १.२ च्या वर नको असं म्हटलंय. ती मोठ्या गृहप्रकल्पांसाठी आहे, तुम्हाला सक्ती नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगली. स्लॅबवर इंचभर एक्सपीएस आणि त्यावर कोबा केला तरी तुम्ही त्या मर्यादेच्या आत येता. तेवढे पैसे नसतील तर दर मार्चला पांढरा चुना मारा. पहिल्या पावसात थोडा जातो, पण तोवर उन्हाळा निघतो.

थापी
गच्चीवर पत्र्याची शेड मारत्यात ते पण चांगलं. सावली पण आणि कपडे वाळवायला पण. फक्त चारी बाजू बंद करू नका.

ओळंबा
बरोबर. तिथं नियम उलटा होतो. भिंतीतली पोकळी बंद हवी, पत्र्याखालची उघडी. पत्रा तापतो, खालची हवा तापते, ती वाऱ्यानं निघून गेली पाहिजे. बंद केलीत की गच्चीवर भट्टी. पत्र्याच्या खालच्या अंगाला फॉइल लावलंत तर आणखी बरं, कारण खाली तोंड असलेल्या फॉइलवर धूळ बसत नाही. पीओपी सीलिंगवर पसरून ठेवलेलं फॉइल वर्ष-दोन वर्षांत मातकट होतं आणि त्याचा गुण जातो.

कृष्णाकाठ
छत उघडंच आहे. वरचा मजला "पुढं कधीतरी".

घरात चर्चा झाली. पश्चिमेला आठ इंची एएसी, बाकी तीन बाजूंना नेहमीची वीट. पश्चिमेच्या खिडकीवर अडीच फुटी छज्जा, आणि गॅपवर जाणारे पैसे स्लॅबवरच्या शीटला. साडूंचं म्हणणं, "एएसीत पण हवाच आहे ना? म्हणजे मी बरोबरच होतो." यावर काय बोलणार.

एक शंका राहिली. एएसीच्या त्या भिंतीवर आईचं कपाट आणि टीव्ही लटकवायचाय. धरेल का?

थापी
धरतंय, पण साधा गट्टू आणि दीड इंची स्क्रू चालणार नाही, ब्लॉक ठिसूळ असतो, हलवून हलवून भोक मोठं होतं. एएसीचे लांब नायलॉन प्लग मिळतात ते घ्या, आणि ड्रिल हातोडीच्या मोडवर न लावता नुसतं फिरवा. जड कपाट असंल तर जागा आत्ताच सांगा, त्या उंचीला काँक्रीटचा पट्टा टाकून देता येतो. कॉलम आणि ब्लॉकच्या जोडावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका. आणि ब्लॉक आल्यावर उघड्यावर पावसात ठेवू नका, पाणी पितात. खाली फळ्या, वर ताडपत्री.